खलित्यांचा सागरप्रवास : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पाठास पूरक अभ्यास

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा पाठ शिकविताना वर्गात एक गैरसमज नकळत निर्माण होतो. पाठ्यपुस्तकात घटना एकीखाली एक येतात : लेक्झिंग्टनची चकमक, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, साराटोगाचा विजय, फ्रान्सशी तह, यॉर्कटाउनची शरणागती. त्या वाचून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की, एक गोष्ट घडली आणि तिचे वर्तमान लागलीच सर्व संबंधितांस कळले. वस्तुतः इंग्लंडचा राजा, त्याचे मंत्री, फ्रान्सचा दरबार आणि वसाहतींची काँग्रेस ही सर्व मंडळी एकमेकांविषयी महिना-दीड महिना शिळ्या वर्तमानावर निर्णय घेत होती. मध्ये सुमारे तीन हजार मैलांचा अटलांटिक महासागर पसरला होता. तारायंत्र नव्हते, आगबोट नव्हती. जे कळवावयाचे ते कागदावर लिहून, मोहोर करून, शिडाच्या जहाजाने धाडावयाचे आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे, एवढाच मार्ग होता. हा मुद्दा मुलांच्या मनावर ठसला म्हणजे त्या युद्धातील कित्येक कोडी आपोआप उलगडतात.

समुद्रावरील अंतर मैलांत मोजून भागत नाही, ते वाऱ्यावर मोजावे लागते. कोकणपट्टीतील शाळांत हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्याचे तोंड लागले की शिडाची गलबते बंदरात ओढून ठेवावयाची आणि नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात लोटावयाची, ही वहिवाट तेथील मुलांच्या घरची आहे. उत्तर अटलांटिकवर बहुतेक काळ वारा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे अमेरिकेहून युरोपास जाणारे जहाज महिन्याभरात पोहोचे, पण उलट दिशेने येणाऱ्यास दीड ते दोन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागे. वाऱ्याच्या जोडीस समुद्रातील उष्ण पाण्याचा एक प्रवाहही आहे. वसाहतींच्या टपालखात्याचे अधिकारी असलेले बेंजामिन फ्रँकलिन १७६९ च्या सुमारास लंडनमध्ये असता त्यांच्यापुढे एक तक्रार आली. फॅल्मथहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या सरकारी टपालाच्या जहाजांस व्यापारी जहाजांपेक्षा पंधरवडाभर वेळ अधिक का लागतो, अशी ती तक्रार होती. फ्रँकलिन यांनी नँटकेट बेटावरील टिमथी फोल्जर या आपल्या नात्यातील कप्तानास विचारले. देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या त्या मंडळींस हा प्रवाह तळहातासारखा माहीत होता. टपालाची जहाजे नेमकी प्रवाहाच्या तोंडावर चालत होती आणि वाऱ्याने जेवढी पुढे जात, तेवढीच पाण्याने मागे रेटली जात. फ्रँकलिन यांनी प्रवाहाचा नकाशा छापविला, परंतु इंग्रज कप्तानांनी तो मनावर घेतला नाही. मच्छीमारांकडून शिकणे त्यांस बहुधा कमीपणाचे वाटले असावे.

खलिता प्रथम कोणाचा पोहोचतो यास किती महत्त्व असते, हे युद्धाच्या पहिल्याच महिन्यात दिसून आले. १९ एप्रिल १७७५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन आणि काँकर्ड या गावी इंग्रज शिपाई आणि गावकरी यांच्यात चकमक झाली. बोस्टन येथील इंग्रज सेनापती गेज याने आपला अहवाल २४ एप्रिल रोजी ‘सुकी’ नावाच्या जहाजाने लंडनला रवाना केला. जहाज मालाने भरलेले होते आणि सेनापतीस घाई करण्याचे कारण दिसत नव्हते. वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसला मात्र ते कारण चांगलेच दिसत होते. इंग्लंडच्या जनतेच्या कानी प्रथम गेजची बाजू पडली, तर गावकरी हे केवळ बंडखोर ठरणार होते. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांच्या शपथेवर जबान्या घेण्याचे काम तत्काळ सुरू झाले. गावकऱ्यांच्या जोडीस पकडल्या गेलेल्या काही इंग्रज शिपायांच्या जबान्याही त्यांत होत्या.

हे कागद घेऊन जाण्यासाठी सेलम बंदरातील डर्बी या व्यापारी घराण्याने आपले ‘क्वेरो’ हे सुमारे ६२ टनांचे लहान स्कूनर जातीचे जहाज दिले आणि घरातीलच जॉन डर्बी हा त्याचा कप्तान झाला. जहाजात माल मुळीच भरला नाही, तोल राखण्यापुरते वजन तेवढे ठेवले. कामगिरी कोणासही कळू द्यावयाची नाही, असा त्यास कडक हुकूम होता. २८ एप्रिलच्या रात्री, म्हणजे गेजच्या खलित्यानंतर चार दिवसांनी, क्वेरोने नांगर उचलला. डर्बी २८ मे रोजी लंडनमध्ये पोहोचला. सुकी जहाज १० जूनच्या सुमारास पोहोचले. चार दिवस मागून निघालेला खलिता जवळजवळ दोन आठवडे अगोदर पोहोचला होता.

मधल्या काळात लंडनमध्ये जे घडले ते शिक्षकांनी सविस्तर सांगण्याजोगे आहे. प्रांतिक काँग्रेसचे पत्र वसाहतीचे वकील म्हणून फ्रँकलिन यांच्या नावे होते. परंतु फ्रँकलिन लंडन सोडून निघाले होते. क्वेरो इंग्लंडकडे चालले असता ते स्वतः त्याच महासागरावर उलट दिशेने अमेरिकेस येत होते आणि ५ मे रोजी फिलाडेल्फियास उतरले. बोस्टनमध्ये हे कोणास ठाऊक असणार ! त्यांच्या मागे काम पाहणाऱ्या आर्थर ली यांनी कागद ताब्यात घेतले. वृत्तपत्रांत बातमी छापली गेली आणि जबान्यांचे मूळ कागद लंडनचे नगराध्यक्ष जॉन विल्क्स यांच्याकडे कोणासही पाहता येतील असे ठेवण्यात आले. सरकारची मात्र पंचाईत झाली. बातमी खोटी म्हणावी, तर पुरावा हाती नाही आणि खरी म्हणावी, तर आपल्याच सेनापतीचा कागद आलेला नाही. अशा प्रकारचे कोणतेही वर्तमान आपणांकडे आलेले नाही, एवढेच ३० मे रोजी जाहीर करून मंत्रिमंडळ स्वस्थ बसले. डर्बी काही दिवसांतच लंडनमधून नाहीसा झाला. जुलैच्या मध्यास तो परत आला आणि केंब्रिजच्या छावणीत नुकतेच सेनापतिपदावर आलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांस त्याने आपला वृत्तांत सादर केला.

येथे एक सावधगिरी बाळगावी. जबान्या प्रथम पोहोचल्या म्हणून त्या सर्वस्वी निर्विवाद ठरत नाहीत. पहिली गोळी कोणी झाडली याविषयी गेजचा अहवाल आणि गावकऱ्यांच्या जबान्या परस्परविरुद्ध आहेत आणि त्या प्रश्नाचा निर्णय इतिहासकारांस अद्याप लावता आलेला नाही. वरच्या वर्गातील मुलांपुढे दोन्ही बाजू मांडून, कोणता पुरावा कोणी आणि कशासाठी गोळा केला, एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ झाले.

खलिते नेणाऱ्या जहाजांस वादळाइतकीच भीती शत्रूच्या जहाजांची असे. म्हणून महत्त्वाचे पत्र एकदा लिहून भागत नसे. त्याच्या दोन, तीन, कधी त्याहून अधिक नकला करून त्या निरनिराळ्या जहाजांनी पाठवीत. एक बुडाली, दुसरी पकडली गेली, तरी तिसरी पोहोचावी असा हेतू असे. या रीतीमुळे कधीकधी तीच बातमी तीन महिन्यांत तीनदा येऊन पडे. मजकूर सांकेतिक आकड्यांत लिहिण्याची पद्धत होती. सायलस डीन या वकिलाने तर अदृश्य शाईचाही उपयोग केला. आणि शत्रूच्या हाती सापडण्याची वेळ आली, तर पिशवी समुद्रात बुडविण्याची कप्तानास आज्ञा असे, त्यासाठी तीत शिसे किंवा तोफेचे गोळे ठेवीत.

ही शेवटची व्यवस्था वाटते तितकी सोपी नव्हती. काँग्रेसचे माजी अध्यक्ष हेन्री लॉरेन्स १७८० मध्ये हॉलंडकडे वकिलीस निघाले. ३ सप्टेंबर रोजी न्यूफाउंडलंडजवळ इंग्रज युद्धनौकेने त्यांचे ‘मर्क्युरी’ जहाज गाठले. कागदांची पिशवी समुद्रात टाकण्यात आली खरी, पण वजन अपुरे पडले आणि पिशवी तरंगत राहिली. इंग्रज खलाशांनी ती आकड्याने ओढून वर घेतली. तीत अमेरिका आणि हॉलंड यांच्यातील नियोजित तहाचा एक मसुदा निघाला. तो मसुदा दोन वर्षांपूर्वीचा असून कोणत्याही सरकारने मंजूर केलेला नव्हता, परंतु इंग्लंडला निमित्त पुरेसे झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडने हॉलंडविरुद्ध युद्ध पुकारले. लॉरेन्स यांस लंडनच्या टॉवर या किल्ल्यात सव्वा वर्ष कैदेत काढावे लागले. पिशवीत आणखी दोन-चार गोळे घातले असते, तर निदान हे निमित्त इंग्लंडला मिळाले नसते.

दुसरी हकीकत फसवणुकीची आहे. १७७७ च्या शरद ऋतूत पॅरिस येथील अमेरिकन वकिलांनी कित्येक महिन्यांच्या कामाचे कागद काँग्रेसकडे पाठविण्यासाठी एका गठ्ठ्यात बांधले. हाव्र बंदरात तो गठ्ठा जोसेफ हिन्सन नावाच्या कप्तानाच्या हातून गेला. हा मनुष्य अमेरिकन असून इंग्रज हेरांस आतून मिळालेला होता. त्याने खरे कागद काढून घेतले, त्यांच्या जागी तेवढेच कोरे कागद भरले आणि गठ्ठा पूर्ववत बंद केला. जॉन फोल्जर नावाच्या कप्तानाने तो प्रामाणिकपणे महासागरापार नेला. (नकाशाच्या कामी साहाय्य करणारा टिमथी फोल्जर तो निराळा.) १७७८ च्या जानेवारीत काँग्रेसपुढे गठ्ठा उघडला, तेव्हा आत कोऱ्या कागदांवाचून काही नव्हते. बिचाऱ्या फोल्जरलाच प्रथम अटकेत टाकण्यात आले. पुढे तो निर्दोष ठरून सुटला. काही खलिते पकडले गेले, काही बुडाले आणि हे असे चोरले गेले, त्यामुळे जवळजवळ वर्षभर काँग्रेसला आपल्या फ्रान्समधील वकिलांकडून काहीच अधिकृत वर्तमान मिळाले नव्हते. आपला वकील परदेशी काय करीत आहे याचा पत्ता नसताना ती माणसे युद्ध चालवीत होती, ही गोष्ट त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ काही सांगते.

त्याच वर्षातील साराटोगाच्या विजयाची बातमी मात्र सुखरूप पोहोचली. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी इंग्रज सेनापती बर्गाइन आपल्या सैन्यासह शरण आला. ३१ ऑक्टोबर रोजी जोनाथन लॉरिंग ऑस्टिन हा तरुण ‘पर्च’ जहाजाने बोस्टनहून निघाला. दुसऱ्या दिवशी पोर्ट्समथ बंदरातून जॉन पॉल जोन्स हा पुढे विख्यात झालेला नाविक ‘रेंजर’ जहाजाने तेच वर्तमान घेऊन निघाला. पर्च ३० नोव्हेंबरला नांत येथे लागले, रेंजर २ डिसेंबरला. जोन्सच्या कीर्तीमुळे ही बातमी प्रथम त्यानेच नेली असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. ऑस्टिन ४ डिसेंबरला पॅरिसजवळील पासी येथे फ्रँकलिन यांच्या बिऱ्हाडी पोहोचला. गाडीतून उतरताच त्यास पहिला प्रश्न आला तो फिलाडेल्फिया शहर पडले काय, असा. शहर पडले होतेच, ऑस्टिनने तसे सांगितले आणि मग त्याहून मोठे वर्तमान सांगितले. दोन दिवसांत फ्रेंच परराष्ट्र खात्याचा अधिकारी अभिनंदनास आला आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्स व अमेरिका यांचे तह झाले.

पण तह झाला म्हणजे अमेरिकेस कळला असे नव्हे. ‘सांसिब्ल’ या फ्रेंच फ्रिगेटने तहाचे कागद ८ मार्चला ब्रेस्टहून निघून १३ एप्रिलला अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले आणि तेथून घोड्यावरून ते २ मे रोजी काँग्रेसपुढे आले. दरम्यान इंग्लंडनेही सलोख्याच्या सवलती देऊ केल्या होत्या आणि त्यांचा मसुदा अगोदर येऊन पोहोचला होता. काँग्रेसने २२ एप्रिललाच त्या सवलती धुडकावून लावल्या. फ्रान्स आपल्या बाजूस आला आहे, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते.

वर्गात हा भाग घेताना लांबलचक व्याख्यान देण्याऐवजी फळ्यावर तीन रकाने आखावेत : घटनेची तारीख, खलिता निघाल्याची तारीख आणि तो पोहोचल्याची तारीख. वर दिलेल्या तारखा भरून मधले दिवस मुलांकडूनच मोजून घ्यावेत. क्वेरो ३० दिवस, सुकी सुमारे ४७ दिवस, पर्च ३० दिवस, सांसिब्ल ३६ दिवस. पूर्वेकडे जाणारे आणि पश्चिमेकडे येणारे जहाज यांतील भेद काही मुले आपण होऊन सांगतील. सुकी पूर्वेकडेच जात असूनही इतके मागे का पडले, हा प्रश्नही निघेल. त्याचे उत्तर जहाजाच्या पोटातील मालात आहे. जगाचा नकाशा शाळेत नसल्यास जमिनीवर खडूने दोन किनारे काढले तरी काम भागते. चौथीच्या खालील मुलांस तारखा देऊ नयेत, त्यांस क्वेरोची गोष्ट तेवढी सांगावी.

या युद्धातील सर्वांत परिणामकारक खलिता कोणता, असे विचारल्यास ‘काँकॉर्द’ या फ्रेंच फ्रिगेटने नेलेल्या पत्रांकडे बोट दाखवावे लागेल. १७८१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन यांचे लक्ष न्यूयॉर्कवर होते. त्यांचा फ्रेंच सहकारी सेनापती रोशांबो यास मात्र दक्षिणेकडील चेसापीक उपसागर अधिक योग्य वाटत होता. फ्रेंच आरमाराचा मोठा ताफा घेऊन द ग्रास हा दर्यासारंग वेस्ट इंडीज बेटांकडे आलेला होता. जूनच्या उत्तरार्धात काँकॉर्द रोशांबोची पत्रे घेऊन बोस्टनहून निघाले. सैन्याची आणि पैशाची नड किती आहे हे त्या पत्रांत स्पष्ट लिहिलेले होते. जुलैच्या मध्यास द ग्रास हा सांडोमिंग बेटाच्या काप बंदरात आला, तेव्हा पत्रे त्याची वाट पाहत होती. त्याने २८ जुलै रोजी उत्तर लिहिले. आपण २८ मोठ्या लढाऊ जहाजांचा ताफा आणि सुमारे ३,००० शिपाई घेऊन चेसापीककडे येत आहोत, परंतु १५ ऑक्टोबरपलीकडे थांबता येणार नाही. हवानाहून १२ लाख लिव्ह्र एवढी रक्कमही त्याने मिळविली. काँकॉर्द ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूपोर्टला परत आले आणि १४ ऑगस्ट रोजी उत्तर वॉशिंग्टन यांच्या हाती पडले. पाच दिवसांत त्यांनी न्यूयॉर्कचा बेत सोडून सैन्य दक्षिणेकडे वळविले.

आता याच आठवड्यांत इंग्रजांच्या खलित्यांची काय गत झाली ते पाहावे. फ्रेंच ताफा उत्तरेकडे येण्याचा संभव आहे, असा इशारा वेस्ट इंडीजमधील इंग्रज दर्यासारंग रॉडनी याने ‘स्वॅलो’ नावाच्या लहान जहाजाने न्यूयॉर्कला पाठविला. जहाज जुलैच्या अखेरीस पोहोचले, पण न्यूयॉर्कचा आरमारप्रमुख ग्रेव्ह्ज हा काही दिवसांपूर्वीच बोस्टनकडे फेरीवर निघून गेला होता. स्वॅलोचा कप्तान त्याच्या शोधार्थ पुन्हा समुद्रावर गेला. वाटेत अमेरिकन खाजगी लढाऊ जहाजांनी त्यास गाठले आणि लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज फसले. पाठोपाठ हूड या अधिकाऱ्याने पाठविलेले ‘ॲक्टिव्ह’ हे दुसरे जहाज शत्रूने पकडले. दोन्ही सूचना ग्रेव्ह्जला वेळेवर मिळाल्या नाहीत. स्वतः हूड १४ जहाजांनिशी चेसापीकच्या तोंडाशी २५ ऑगस्टच्या सुमारास आला. उपसागर रिकामा दिसला म्हणून तो न्यूयॉर्ककडे निघून गेला. पाचच दिवसांनी, ३० ऑगस्ट रोजी, द ग्रासने तेथे नांगर टाकला.

पुढील वृत्तांत पाठ्यपुस्तकात असतोच. ५ सप्टेंबरच्या आरमारी लढाईत इंग्रजांची १९ जहाजे २४ फ्रेंच जहाजांस हटवू शकली नाहीत, यॉर्कटाउनमध्ये कॉर्नवॉलिस कोंडला गेला आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी त्याने शस्त्र ठेवले. त्याच दिवशी त्याच्या मदतीसाठी इंग्रज सेना न्यूयॉर्कहून जहाजांत बसून निघाली होती. काय घडले हे तिला वाटेत, चेसापीकजवळ पोहोचल्यावर समजले. लंडनला ही बातमी २५ नोव्हेंबर रोजी कळली. द ग्रासच्या जहाजसंख्येचे आणि शौर्याचे वर्णन इतिहासात पुष्कळ येते. काँकॉर्दच्या कप्तानाने एकही लढाई न लढता केलेल्या दोन फेऱ्यांचा उल्लेख त्या मानाने फारच थोडा होतो.

या युद्धाची झळ हिंदुस्थानासही लागली आणि येथील पाठाशी त्याचा सांधा जोडून देता येतो. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन हा फ्रेंच मनुष्य पुण्यास येऊन नाना फडणिसांस भेटला. त्याच्या येण्याने वॉरन हेस्टिंग्ज अस्वस्थ झाला. फ्रान्सशी युद्ध जुंपल्याची बातमी मात्र केपच्या दीर्घ सागरी मार्गाने न येता ईजिप्त व सुएझमार्गे १७७८ च्या जुलैत कलकत्त्यास आली आणि हेस्टिंग्जने त्याच महिन्यात चंद्रनगर हे फ्रेंच ठाणे घेतले. वर्तमान लवकर मिळाले, त्याचा लाभ इंग्रजांनी येथे घेतला.

तहाच्या वर्तमानास तशी घाई लाभली नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात २० जानेवारी १७८३ रोजी व्हर्सायला तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या झाल्या. ती बातमी घेऊन निघालेले कागद समुद्रावर असताना मद्रासच्या दक्षिणेस कडलूर येथे इंग्रज फौज फ्रेंचांस वेढा घालून बसली होती. १३ जून रोजी तेथे जमिनीवर मोठी लढाई झाली. २० जून रोजी सुफ्रें आणि ह्यूज यांची आरमारे एकमेकांशी लढली. दोन्ही लढायांत पुष्कळ माणसे मेली आणि घायाळ झाली. तह होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. जूनच्या अखेरीस ‘मेडिया’ नावाचे इंग्रज फ्रिगेट पांढरे निशाण लावून मद्रासहून आले आणि तहाचे वर्तमान सांगून त्याने लढाई थांबविली.